राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात मध्येच ओरडावं का?

हिवाळ्यात वॉशिंग्टनला रात्री नऊ वाजता अमेरिकी संसदेपुढे राष्ट्राध्यक्षांचं भाषण सुरू होतं तेव्हा जळगाव-धुळ्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात झालेले असतात. दुपारपर्यंत खान्देशातल्या मोबाइलवर पोचते ती भाषणाची नाही, ओरडणाऱ्या खासदाराची क्लिप. ४ मार्च २०२५ ला टेक्सासचे डेमोक्रॅट खासदार ॲल ग्रीन काठी उंचावून उभे राहिले. गरिबांची आरोग्य योजना, म्हणजे मेडिकेड, कापायचा जनादेश तुम्हाला नाही, असं त्यांनी ट्रम्प यांना सुनावलं. सभापतींनी आधी समज दिली, मग मार्शलकरवी त्यांना बाहेर काढलं.

भारतात हे गैर वाटतं, आणि ते बरोबरच आहे. घटनेच्या कलम ८७ नुसार होणारं राष्ट्रपतींचं अभिभाषण मंत्रिमंडळ ठरवतं. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. त्यांनी वाचलं ते धोरण सरकारचं होतं. तिथे राष्ट्रपतींवर ओरडून उपयोग काय? नंतर आभार प्रस्तावावर चर्चा होते आणि प्रथेप्रमाणे पंतप्रधान तिला उत्तर देतात.

अमेरिकेत ही दुसरी पायरीच नाही. राष्ट्राध्यक्ष स्वतःचं राजकारण मांडतात, टाळ्या घेतात आणि निघून जातात. ते सभागृहाचे सदस्य नाहीत आणि त्यांच्यासाठी प्रश्नोत्तराचा तासही नाही. म्हणून एखाद्या ठोस दाव्यावर एकदाच, एका वाक्यात हरकत घेतली तर आम्हाला ती समजू शकते. भाषणच बंद पाडणं मात्र नाही. मतदारांनी निवडलेल्या माणसाचं म्हणणं पूर्ण ऐकण्याचा हक्क बाकीच्या मतदारांनाही आहे.

शिवाय हा डाव बहुतेक वेळा उलटतो, कारण माइक राष्ट्राध्यक्षांसमोर असतो. घरी बसलेल्याला खासदाराचा नुसता कालवा ऐकू येतो आणि राष्ट्राध्यक्षांचं उत्तर स्वच्छ. २०२३ मध्ये काही रिपब्लिकनांना पेन्शन आणि ज्येष्ठांची आरोग्य योजना मुदत घालून संपू द्यायची आहे, असं बायडेन म्हणाले आणि समोरून ‘खोटारडा’ अशी ओरड झाली. बायडेन यांनी लिखित भाषण बाजूला ठेवलं आणि ‘म्हणजे कपात नको, यावर आपलं एकमत झालं’ असं म्हणत त्याच बाकांना टाळ्या वाजवायला लावलं. ओरडणाऱ्यांनीच त्यांना ती संधी दिली होती.

२००९ मध्ये रिपब्लिकन खासदार जो विल्सन यांनी ओबामांना ‘तुम्ही खोटं बोलता’ असं सुनावलं. त्याच रात्री त्यांनी व्हाइट हाउसला फोन करून माफी मागितली, पण सभागृहात मागायला नकार दिला. मग २४० विरुद्ध १७९ मतांनी नापसंतीचा ठराव झाला. ग्रीन यांच्यावर दोनच दिवसांत त्याहून कडक, ठपका ठेवणारा ठराव आला: २२४ विरुद्ध १९८, त्यात त्यांच्याच पक्षाची दहा मतं. ठपका ठेवलेल्या सदस्याला सभापतींसमोरच्या हौद्यात उभं राहून ठराव ऐकावा लागतो. ग्रीन यांच्याभोवती सहकारी जमून गाऊ लागले आणि कामकाज थांबवावं लागलं.

ही शिक्षा आम्हाला योग्य वाटते, कारण ती सदस्याला बोचते, मतदाराला नाही. ठपक्याने जागा, मत, पगार काहीच जात नाही. हकालपट्टीला दोन तृतीयांश मतं लागतात.

आपल्याकडे काय झालं? जुलै २०२१ मध्ये तालिका अध्यक्षांशी (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी) गैरवर्तनाच्या आरोपावरून विधानसभेने बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. त्यात जामनेरचे गिरीश महाजन आणि शिंदखेड्याचे जयकुमार रावल होते. आमदारांना आरोप मान्य नव्हता, पण तो खरा धरला तरी शिक्षा मतदारसंघांनाच झाली. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं: चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आणि हकालपट्टीहूनही वाईट, कारण हकालपट्टीनंतर निदान पोटनिवडणूक होते. तोवर डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन जामनेर आणि शिंदखेड्याच्या आमदारांविना होऊन गेलं होतं.