आधी गुडघा सरळ, मग ऑपरेशन

एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचं हाड नडगीशी बांधणारं लिगामेंट, तुटलंय म्हटल्यावर घरच्यांना एकच घाई, ऑपरेशन कधी? आई तर कपड्यांची पिशवी भरूनच मिरजेला आली होती. डॉक्टरांनी तारखेऐवजी फिजिओची चिठ्ठी हातात ठेवली. सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, मग बघू. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर आखडलेलाच राहायची भीती असते.

लागलं ते कबड्डीत, चढाई करताना. बचावातल्या कव्हरनं घोटा धरला, मी मध्यरेषेकडे वळलो, पाय मॅटवर तसाच आणि वरचं अंग फिरलं. आत कट् असा आवाज. संध्याकाळी गुडघा टम्म. एक्स-रे नॉर्मल आला तेव्हा काका म्हणाले, "हाड शाबूत आहे, चोळून घे." पण एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही. डॉक्टरांनी गुडघा जरासा वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली, तेव्हाच त्यांना कळलं होतं. एमआरआयनं शिक्का मारला, शिवाय आतली गादी फाटलेली नाही हेही दाखवलं. गादी शिवावी लागली असती तर बरेच आठवडे वाकवण्यावर बंधनं आली असती.

मग प्रश्न आला, "पुढे खेळायचंय का?" बैठं काम असेल तर नुसत्या व्यायामावरही पुष्कळांचं भागतं. मला खेळायचं होतं.

कमरेत इंजेक्शन, दुर्बिणीतून ऑपरेशन. तुटलेलं लिगामेंट सहसा शिवून टिकत नाही, म्हणून मांडीच्या मागचे दोन स्नायूबंध काढून, दुमडून जाड करून नवीन बसवतात. वर मांडीच्या हाडाला बटण, खाली नडगीत स्क्रू. वाटीखालचा बंध घ्यायचीही पद्धत आहे, पण त्यात गुडघे टेकताना दुखू शकतं. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं एवढंच. गावात मात्र सगळे तेवढंच विचारतात.

खरं झुंजलो ते मांडीशी. दुसऱ्या दिवशी फिजिओताई म्हणाल्या, "मांडी आवळा." मी जीव खाऊन आवळतोय आणि स्नायू ढिम्म. सुजलेला गुडघा मांडीच्या स्नायूला बंदच पाडतो, असं त्यांनी सांगितलं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, हा व्यायाम दिसायला फुसका, पण घाम फोडतो. सगळे किती वाकतो ते मोजत बसतात. ताई आधी किती सरळ होतो ते बघायच्या, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर. शेवटचे चार-पाच अंश राहिले की माणूस लंगडतोच.

दोन-तीन महिन्यांनी पाय एकदम छान वाटायला लागतो. फसवणूक तिथंच आहे. नवीन बंध त्या काळात सगळ्यात कच्चा असतो, कारण शरीर त्यात नव्यानं रक्तवाहिन्या घालून तो पुन्हा घडवत असतं. पोरं बोलवायला येत होती, आईनं दारातूनच परत पाठवली.

नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही, आणि नऊ झाले म्हणून परवानगीही नाही. एका पायावर उड्या मारायला लावतात. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के जायला हवी. पहिल्या खेपेला माझी गेली नाही. नंतर गेली, तरी परवानगी मिळाली ती आधी सरावाचीच, पकडी वगळून.

नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. टाक्याजवळची बारीक नस कापली जाते, ते बऱ्याच जणांना होतं म्हणे. सध्या रोज सरावाआधी उडी मारून गुडघा आत न वळवता उतरायचे व्यायाम करतो. लहान पोरंही शेजारी उभी राहून करतात. आमच्या कोचना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण अजून अडवलेलं नाही.