तुम्ही विचारलंत म्हणून: तो एकटाच का?

"एवढ्या मोठ्या टँकमध्ये एकच मासा?" घरी येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता हे विचारतो. मागोमाग ठरलेलं येतं, "बिचारा कंटाळत असेल." आजवर मी "त्याची जातच तशी" म्हणून चहाचं विचारत आलो. आज सगळं सांगून टाकतो.

पहिलं म्हणजे, टँक मोठा नाही. चार बाय दीड बाय दीड फूट, जेमतेम अडीचशे लिटर पाणी. आमचा दादा (फ्लॉवरहॉर्न आहे, नाव मुलीने ठेवलं) दहा इंचांचा. त्याच्या लांबीच्या पाचपटही जागा नाही त्याला. दुसरं, ही जात कुठल्या नदीतली नाहीच. १९९०च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड माशांचे संकर करून ती तयार केली. कपाळावरचं टेंगूळ, म्हणजे 'कोक', आणि अंगावरची चिनी अक्षरांसारखी नक्षी बघून लोक नशीब उघडेल म्हणून घेतात. माझ्याकडे बघून ते कुणाला पटणार नाही, ते सोडा. पण पूर्वज इलाक्यासाठी मारामाऱ्या करणारे. दादाच्या हिशेबात चारही काचांच्या आतलं सगळं त्याचं. माझा हातसुद्धा पाहुणा. दर शनिवारी पाणी बदलताना चावतो.

आणि जोडी आणली नाही असं नाही. आणली होती.

आत्या दर दिवाळीला म्हणायची, "अरे, जोडीदारीण तरी आण त्याला." खरं सांगायचं तर आत्या निमित्त होती, हौस माझीच. सात इंचांची मादी आणली. मध्ये पारदर्शक डिव्हायडर टाकून तीन आठवडे थांबलो, घाई केली नाही. दादा दिवसभर डिव्हायडरला चिकटून कल्ले फुगवायचा, अंग थरथरवायचा. "प्रेमात पडलाय," आम्ही म्हणायचो. भाऊबीजेला घर भरलेलं असताना मी डिव्हायडर काढला. दोघांनी तोंडात तोंड अडकवलं, सगळे ओरडले, मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. जोडी जमतानाही असं करतात, हे मला वाचून माहीत होतं. भांडतानाही असंच करतात, हेही वाचलं होतं. मग पानं वाढली म्हणून हाक आली आणि मी जेवायला बसलो.

अर्ध्या तासाने आलो तर पाण्यावर खवले तरंगत होते. ती फिल्टरच्या पाइपामागे, डोकं वर, शेपटीच्या नुसत्या काड्या, एक डोळा गेलेला. रंगाच्या रिकाम्या बादलीत तिला घेतलं. हवेच्या बुडबुड्यांसाठी एअर स्टोन, खडे मीठ, मिथिलीन ब्लू हे औषध, जे सुचलं ते केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

भाऊबीजेच्या त्या रात्री बादली भरून मी टँकसमोर उभा राहिलो, तर दादा रोजच्यासारखा काचेशी येऊन शेपूट हलवत होता. जेवणाची वेळ झाली होती. मी त्याला पेलेट टाकले. का टाकले, माहीत नाही.

तेव्हा वाटलं होतं, सहा फुटी टँक असता तर जमलं असतं. लपायला मडकी टाकली असती तर. आजही निम्मं खरं वाटतं. पण तो व्हिडिओ मी नंतर पुन्हा पाहिलाय. तिचे पर अंगाशी मिटलेले आहेत, पट्टे काळे पडलेत. घाबरलेय, हे ती पहिल्या मिनिटापासून सांगत होती. मला तीन आठवडे दिसलं नाही, कारण मी फक्त त्याच्याकडे बघत होतो.

"मग तलावात सोडून दे की," हेही ऐकतो. नाही सोडणार. २०२३मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार मासा सापडला. तो तिथे पोहत पोहत आला नव्हता.

कंटाळतो का तो? रात्री दिवा लागला की बाजूच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून तो कल्ले फुगवून धावून जातो. तोंड आपटून घेईल म्हणून मी तिथे बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलंय. कधी कधी मात्र तो कागद दहा मिनिटं काढतो. तेवढ्यात त्याचा रंग उजळतो, कोकही ताठ दिसतो. ती सोबत झाली की छळ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग कागद परत लावतो.