बाळाच्या दिवसावर बेतलेलं बिऱ्हाड : सांगली ते बंगळुरू

बायकोची कंपनी बंगळुरूची, पण लग्नानंतर तिने सगळं काम सांगलीतूनच केलं. लेक झाली, बाळंतपणाची रजा संपत आली आणि ऑफिसातून निरोप आला की आता आठवड्यातले बहुतेक दिवस प्रत्यक्ष यावं लागेल. मी हिशेबांची आणि करविवरणपत्रांची कामं करतो. माझे ग्राहक सांगली-मिरजेचे, पण हल्ली बरंचसं काम लॅपटॉपवर होतं. तेव्हा जायचं ते तिघांनी एकत्र, एवढं पहिल्या दिवशीच ठरलं. लेक तेव्हा सातव्या महिन्यात होती.

घरच्यांचं म्हणणं असं की आधी मी जाऊन घर लावावं, गॅस-पाणी बघावं आणि मग मायलेकींना न्यावं. सल्ला काळजीपोटीच होता. पण अंगावर पिणाऱ्या बाळाच्या घरात बापाने महिनाभर गायब होणं म्हणजे रात्रीची जागरणं, अंघोळ, औषधं सगळं एकीच्या अंगावर टाकणं. आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. ट्रक कधी मिळतो, घरमालक कधी किल्ली देतो, हे नंतर. आधी लेकीचा दिवस कागदावर मांडला : कधी उठते, कधी मालीश, कधी अंघोळ, कधी झोळीत, कधी खाणं. आणि यातलं काय हलवायचं नाही ते ठरवलं.

तारीख ठरवली ती लसीकरणाच्या कार्डावरून. सरकारी वेळापत्रकात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या की पुढचा टप्पा थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर येतो. मधला काळ मोकळा. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीनंतर एखादी रात्र अंग गरम लागतं, पोर किरकिरतं, हे आम्ही तीनदा पाहिलं होतं. नव्या घरात, नव्या पाण्यावर असा ताप आला असता तर तो लसीचा की आणखी कशाचा, हे आम्हाला कळलं नसतं. म्हणून दिवाळी सांगलीत करून नोव्हेंबरात निघायचं, म्हणजे नऊ महिन्यांच्या लसीपर्यंत बंगळुरूत स्थिरावायला पुरेसा वेळ मिळतो. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून बायकोच्या पर्समध्ये गेलं ते गेलंच, सामानात कधी बांधलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण हे निघण्याआधीच करायचं काम आहे. जन्माची नोंद झाली तेव्हा लेकीचं नाव ठरलेलं नव्हतं, दाखल्यावर जागा कोरी होती. नाव घालायचं काम जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात होतं आणि पहिल्या बारा महिन्यांत त्याला शुल्क लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, तेव्हापासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला महत्त्वाचा. बंगळुरूहून त्यासाठी खास सांगलीला येण्यात अर्थ नव्हता. नावासह दाखला हातात आल्यावर निळं बाल आधारही काढलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो आणि आई किंवा वडिलांपैकी एकाचं आधार एवढ्यावर काम होतं. गॅसची टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केले, पावती आणि अनामत परत घेतली. नव्या गावात जोडणी मिळेपर्यंत इंडक्शनची शेगडी सोबत ठेवली.

घर बघताना माझा खरा प्रश्न पाण्याचा होता. आम्ही कृष्णेच्या पाण्यावर वाढलेली माणसं. बंगळुरूला कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, वर चढवून आणावं लागतं, आणि बऱ्याच इमारती बोअरवेलवर किंवा टँकरवर चालतात. बोअरचं पाणी जड असतं, साबणाचा फेस होत नाही, नळांवर पांढरे थर धरतात. मोठ्यांचं निभतं, पण बाळाची कातडी लगेच कोरडी पडते. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी दिवाणखाना बघायच्या आधी न्हाणीघरातला नळ बघत होतो आणि कावेरीची जोडणी आहे का, पाणी किती दिवसांआड येतं, हे वॉचमनला विचारत होतो. घरमालकापेक्षा वॉचमन जास्त खरं सांगतो. अनामत रक्कम ऐकून माझ्या आईला घाम फुटला. इथे पूर्वी दहा-दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवायची पद्धत होती, आता ती कमी झाली असली तरी सांगलीच्या मानाने आकडा मोठाच. शेवटी घेतलं ते घर छोटं आहे, गच्ची नाही, उजेडही बेताचाच. पण नळाला कावेरी आहे, सरकारी आरोग्य केंद्र चालत जाण्याएवढं जवळ आहे आणि बायकोचं ऑफिस एका बसच्या अंतरावर. मोठ्या घरापेक्षा मला हे तीन मुद्दे मोलाचे वाटले आणि आजही वाटतात.

आता अंघोळीबद्दल, कारण माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचा गाभा तोच होता. सांगलीत लेकीला न्हाऊ घालायला मावशी यायच्या. जमिनीवर पाय पसरून, बाळाला पोटऱ्यांवर पालथं घेऊन, तेल जिरवून, डाळीचं पीठ आणि साय लावून, मग कोमट पाण्याचे तांबे. अंघोळीनंतर लेक दीड-दोन तास गाढ झोपायची. घरातलं सगळं त्या झोपेभोवती फिरायचं : बायकोच्या मीटिंगा, माझं काम, आईची पूजा. बंगळुरूत अशा मावशी लगेच मिळतील याची खात्री नव्हती. मी मावशींना म्हटलं, मला शिकवा. त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "बसा दादा, पाय जुळवून घ्या, फट राहता कामा नये." निघायच्या आधीचा महिना रोज त्या शेजारी बसून सांगायच्या आणि मी करायचो. पाणी हाताच्या कोपराने बघायचं, तांब्याची धार डोक्यावर नाही तर पाठीवर आधी सोडायची, पालथी असताना हनुवटीखाली आपली बोटं असलीच पाहिजेत. पहिल्यांदा एकट्याने सगळं केलं आणि लेक पुसून होईतो पेंगली, तेव्हा मला बंगळुरूची भीती वाटेनाशी झाली.

सामान ट्रकने गेलं, पण एक सुटकेस ट्रकमध्ये जाणार नाही असं आम्ही ठरवून टाकलं होतं. त्यात खोबरेल, डाळीचं पीठ, तांब्या, दुपटी, लंगोट आणि डायपर, थर्मास, नाचणीचं सत्त्व, तांदूळ-मुगाची भरड, थर्मामीटर, डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, झोळीची साडी आणि आजीच्या लुगड्याची गोधडी. गोधडी मुद्दाम धुतली नव्हती. ट्रक ठरल्या दिवशी आला नाही, फोनवर रोज नवं कारण ऐकायला मिळालं. आम्ही तेवढे दिवस रिकाम्या घरात चटईवर काढले आणि लेकीचं मात्र काहीही अडलं नाही.

प्रवास रेल्वेने केला. मोटारीने सहाशेहून जास्त किलोमीटर बाळाला मांडीवर घेऊन जाणं माझ्या मनाला पटेना. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुपारी सांगली-मिरजेहून निघते आणि सकाळी बंगळुरूला पोचवते, म्हणजे लेकीची रात्र रात्रीसारखीच राहते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थही मिळत नाही, त्यामुळे खालचा बर्थ मिळवणं महत्त्वाचं. २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा बाळबर्थ करून पाहिला होता. ती सोय सगळ्या लांब गाड्यांना व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण अरुंद बर्थवर आई रात्रभर एका कुशीवर अवघडून पडते. बेळगाव येईपर्यंत लेक खिडकीशी खेळली, मऊ भात खाल्ला, आणि लोंढ्याच्या आधीच झोपली. आई आमच्याबरोबर होती. तिने आणि मी आळीपाळीने जागून बायकोला झोपू दिलं.

आईला आणण्याचा निर्णय सगळ्यांत चांगला ठरला. तिचं माहेर जत तालुक्यातलं, कानडी तिला घरचीच. बंगळुरूचा हेल वेगळा, तरी आठवडाभरात शेजारच्या अज्जींशी तिची गट्टी जमली. त्यांनी आणून दिलेली रागी सरी लेकीने पहिल्याच घासाला मिटक्या मारत खाल्ली. नाचणीवरच वाढलेली ती, चव ओळखीची. झोळीचा प्रश्न मात्र अडला, कारण फ्लॅटच्या छताला कडीच नव्हती. भाड्याच्या घरात भोक पाडायला परवानगी मिळेना, मग लोखंडी स्टँड विकत आणला आणि त्यावर तीच साडी बांधली. पहिल्या काही रात्री लेक दर तासाला उठायची, दिवा लावला की भिंती बघून रडायची. आम्ही दिवा लावणं बंद केलं. गोधडी, आईचा आवाज आणि सकाळी ठरल्या वेळी अंघोळ, एवढं धरून ठेवलं. हळूहळू तिच्या रात्री पूर्वीसारख्या लागल्या.

पाळणाघराकडे आम्ही टप्प्याटप्प्याने गेलो. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तिने रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही आहे. ही मुभा कागदावर वाचायला छोटी वाटते, पण आमच्या घरात तिच्यामुळे अंगावरचं पिणं चालू राहिलं. बायकोने रुजू व्हायच्या आधीच मनुष्यबळ विभागाला या चार वेळा लेखी कळवल्या. सुरुवातीला मी तिथे बसून राहायचो, मग अर्धा दिवस, आणि दुपारनंतर लेक माझ्याकडे घरी. माझं काम संध्याकाळी आणि पहाटे होतं. थकवा येतो, पण अंघोळ आणि दुपारची झोप माझ्या वाट्याला आली आहे आणि ती मला कुणालाही द्यायची नाही.

संक्रांतीला बोरन्हाण केलं. अज्जींकडेही लहान मुलांवर बोरं, उसाचे तुकडे आणि नाणी ओततात, त्यामुळे सांगावं काहीच लागलं नाही. त्या एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांच्याकडचं तीळ-गुळाचं मिश्रण, घेऊन आल्या, आईने तिळगूळ दिला. त्यानंतर आई त्याच गाडीने परत गेली. स्टेशनवर ती मला म्हणाली, "पाणी कोपरानं बघ रे, घाई करू नको."

नऊ महिने झाल्यावर लसीला आरोग्य केंद्रात गेलो. कार्ड मराठी, पण लसींचे टप्पे आणि रकाने देशभर सारखेच. नर्सबाईंनी न विचारता गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओची सुई आणि जीवनसत्त्व 'अ'चा पहिला डोस दिला, कार्डावर नोंद केली आणि यू-विन या सरकारी लसनोंदणीच्या पोर्टलवरही. रात्री अंग थोडं कोमट झालं, सकाळी उतरलं. पुढच्या लसी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आहेत. घराचा करार त्याआधी संपतोय आणि नूतनीकरणासाठी मी मालकांशी आत्ताच बोलून ठेवलं आहे.