आमची वाटचाल : चार सायकली आणि ओली माती

पहिल्या सहलीला सहा जण आले आणि नऊ पंक्चर झाली. आकडा पाठ आहे, कारण मी पंक्चर काढत बसलो की सहलीतले एक गृहस्थ शेजारी उभे राहून मोठ्याने मोजायचे. नववं काढताना पॅच संपले. शेवटची उतरण आम्ही सायकली हातात धरून चाललो.

धाकटा भाऊ सायकली दुरुस्त करायचा. मी किनाऱ्यालगतच्या डोंगरांत वर्षानुवर्षं पायी हिंडलेलो. दोघांनी मिळून ग्रॅव्हल सायकलींच्या, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या सायकलींच्या, सहली सुरू करायच्या, एवढंच ठरलं होतं. समुद्रापासून उठणारी डोंगराची सोंड, तिच्यावरून जाणारा मुरुमाचा रस्ता, मग पलीकडच्या घळीत उतरून ओढ्याच्या काठाने परत. वाट मला झोपेतही सापडली असती. भांडवलात चार सायकली होत्या. बाकीचे दोघे आपापल्या घेऊन आले होते.

चूक हवेची होती, आणि तीही दोनदा केली. आधी टायर टणक भरले. डांबरी रस्त्याची सवय, हवा भरपूर असली की सायकल पळते हे डोक्यात पक्कं. खडीवर तसा टायर प्रत्येक गोट्यावर उडतो आणि तो दणका थेट मनगटात येतो. तासाभरात सगळ्यांचे हात बधिर. मग माथ्यावर थांबून मी सढळ हाताने सगळ्यांची हवा काढली, आणि घळीच्या उतारावर पंक्चरांची रांग लागली. हवा कमी असली की दगडावर टायर पूर्ण दबतो, ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. नवातली सात तशीच होती.

त्यानंतरच्या वर्षात जी काही थोडी कमाई झाली ती टायरमध्ये गेली. ३८ मिलिमीटर रुंदीचे काढून ४५चे बसवले आणि ट्यूब हद्दपार केली. ट्यूबलेस टायरमध्ये रबराच्या चिकासारखा द्रव असतो. काटा घुसला की तो द्रव भोकात येऊन गोठतो. भोक खालच्या बाजूला राहील असं चाक थांबवायचं, फुसफुस बंद झाली की पुढे निघायचं. मोठ्या छिद्रासाठी रबरी प्लग खिशात. पण हा द्रव काही महिन्यांत वाळतो, उन्हाळ्यात लवकर, आणि वाळला की बाहेरून काही कळत नाही. म्हणून भाऊ प्रत्येक सहलीच्या आदल्या रात्री चाक कानाशी धरून हलवतो. आत डुबडुब ऐकू आली तरच चाक पास.

आता सत्तर किलोच्या माणसाला पुढच्या चाकात साधारण ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागे दोनेक जास्त, इथून सुरुवात करतो आणि पहिल्या खडीवर पुन्हा दाब मोजायचा गेज लावतो. एकदा एक बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अहो दादा, पैसे भरून आलोय आम्ही, आणि तुम्ही आमची हवा काढताय?" परतताना त्यांनीच गेज मागून घेतला.

गिअरची गोष्ट थोडक्यात सांगतो. विकत घेतलेल्या सायकलींना पुढे लहान चकती ३४ दातांची आणि मागे सर्वांत मोठी ३२ची होती. घळीतून वर येणारा चढ सैल खडीचा. तिथे उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं, आणि बसून मारायला तो गिअर जड. पुढे ३० आणि मागे ३४ केल्यावर लोक हसतमुखाने वर यायला लागले. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

धंद्याला खरी कलाटणी दिली ती चिकणमातीने. आमच्या सोंडेचा मधला भाग मऊ, भुसभुशीत खडकाचा आहे. कोरडा असताना रस्ता फरशीसारखा घट्ट. पाऊस पडला की त्याचा गारा होतो, टायरला थरावर थर चढतात आणि फ्रेमच्या फाट्यात चाक अडकून बसतं. दुसऱ्या वर्षी सहल रद्द करायला जीव होईना, म्हणून पावसाच्या दुसऱ्याच सकाळी आठ जणांना घेऊन निघालो. दोन किलोमीटरमध्ये दोघांचे डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारे तुकडे, मोडले. चिखलाने जाम झालेल्या चेनवर जोर दिला आणि मागचा गिअर वळून आऱ्यांत गेला. पैसे परत केले, ते सोडा. आठवड्याने ऊन पडल्यावर मी पुन्हा तिथे गेलो, तेव्हा आमच्या चाकांच्या वीतभर खोल चाकोऱ्या विटेसारख्या कडक झाल्या होत्या. पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोऱ्यांतून धावलं आणि त्यांची घळ झाली. ती बुजवायला आम्ही दोघं चार रविवार फावडी घेऊन जात होतो.

तेव्हापासून नियम असा: निघण्याआधी मधल्या भागातली मूठभर माती घ्यायची आणि तळहातांमध्ये वळायची. वात वळली तर सायकल न्यायची नाही. माती भुगा होऊन तुटली तर निघायचं. गंमत म्हणजे त्याच पावसाने समुद्राकडची वाळूची वाट सुधारते. एरवी जिथे चाक रुततं तिथे ओली वाळू दबून छान धरते. त्यामुळे पावसानंतर मधला भाग बंद ठेवून खालच्या वाटेवर लहान फेरी काढतो. लोकांना ती कमी वाटते. वाटू दे.

घळीचं शास्त्र वेगळंच. उंच कड्यांमध्ये उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात, मग सायकलवरचं यंत्र तुम्ही ओढ्याच्या पलीकडे, कड्याच्या पोटात चालला आहात असं दाखवतं. फोन लागत नाही. म्हणून कागदी नकाशा. आणि डोक्यावर निळं आकाश असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा त्यात पानं-काटक्या वाहत आल्या, तर सायकल टाकून वर चढायचं. हे मी निघतानाच सांगतो, हसू न आणता.

फेरीची दिशाही आम्ही उलटी केली. उशिरा सकाळी समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. आधी आतल्या घळीकडे जाऊन दुपारी किनाऱ्याकडे परत येत होतो, म्हणजे थकलेल्या माणसांना समोरचा वारा. आता पहाटे धुक्यातच किनाऱ्याच्या बाजूने निघतो आणि वारा सुटेपर्यंत त्याला पाठ दिलेली असते. फेरी आत संपते, माणसं-सायकली गाडीने परत आणाव्या लागतात. खर्च वाढला, पण कुरकुर थांबली.

२०२० साली जगभर सायकलींना अचानक मागणी आली आणि सुट्या भागांचा दुष्काळ पडला. चौकशा कधी नव्हे इतक्या, आणि आमच्याकडे जोडीला साधी चेन नाही. भावाने घरातल्या दोन सायकली मोडून बाकीच्या चालू ठेवल्या. त्या वर्षी नवीन सायकल घेतली नाही ते बरंच झालं.

२०२२ मध्ये इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेव्हापासून येणाऱ्यांत सरासरी वेग विचारणारे वाढले. त्यांच्यासाठी मी खालचा पन्हाळी रस्ता ठेवला आहे, म्हणजे पत्र्यासारख्या लाटा पडलेला. अशा लाटा कशा पडतात यावर २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता: गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर नुसतं एक चाक सोडलं, आणि एका ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर लाटा आपोआप उठल्या. त्या वेगाच्या खाली वाळू सपाटच राहिली. मी हे सांगतो, ते मान डोलावतात आणि जोरात निघून जातात.

खारं दव हा आमचा कायमचा भाडेकरू. स्क्रू गंजतात, वाळूने ब्रेक पॅड झिजतात. रोज गोड्या पाण्याने धुणं, पुसणं, चेनला तेल. मऊ रेझिनचे पॅड ओल्या वाळूत लवकर संपायचे, म्हणून धातूमिश्रित घेतले. ते किंचाळतात, पण टिकतात.

आज आमच्याकडे अकरा सायकली आहेत. बारावीची जागा मोकळी ठेवली आहे. ती घ्यायची की वाहतुकीची गाडी बदलायची, यावर आमचं दोघांचं महिनाभर चाललं आहे.

काल रात्री पाऊस पडला. सकाळी सोंडेवर जाऊन माती वळली, करंगळीएवढी लांब वात निघाली. ती गेटच्या खांबावर ठेवली, भावाने बघावी म्हणून, आणि सात जणांना फोन करायला बसलो.