माघी गणपती आणि नानांची बीपीची वही

आमच्या परळच्या चाळीत माघी गणपती बसायचा ना, त्याच्या आदल्या रविवारी मंडळाच्या ऑफिसबाहेर सतरंज्या पडल्या की समजायचं आज हार्टचं शिबिर. आई रात्रीच बजावून ठेवायची, उद्या रक्त द्यायचंय, उठल्या उठल्या चहा मागायचा नाही, आणि मग सकाळी सात वाजता अख्खी चाळ उपाशीपोटी जिन्यापर्यंत रांगेत. रक्त दिलं की कापसाचा बोळा दाबत पलीकडे कमी तेलातले पोहे आणि चहा. ते पोहे मला आजही आठवतात.

शिबिर सुरू झालं ते मात्र एका दुःखातून. मंडळाचं मखर करणारा आमचा दादा, वय ४२, काम करता करता छातीत जळजळतंय म्हणाला, सोडा प्यायला आणि आडवा झाला. दरदरून घाम सुटलेला, पण सगळे म्हणाले जागरणं झालीत, पित्त असेल, झोपू दे. त्यातच दोन तास गेले. आणि केईएम हॉस्पिटल आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर! १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं ते याच केईएममध्ये, गिरणीतले आमचे आजोबा ते अभिमानाने सांगायचे, आणि त्याच्या इतक्या जवळ राहून आपला माणूस घरात सोडा पिऊन पडून राहिला हे चाळीला फार लागलं. पुढच्या वर्षी मंडळाने लायटिंगचा खर्च कमी केला आणि पहिलं शिबिर घेतलं. जागतिक हृदय दिन २९ सप्टेंबरला असतो खरा, पण तेव्हा पोरं गणपती-नवरात्राच्या धावपळीत, म्हणून माघीचा मुहूर्त.

खालच्या मजल्यावरच्या नानांनी तेव्हाच एक लांबडी वही घातली, प्रत्येकाला एक पान, त्यात दरवर्षीचं बीपी, शुगर, वजन, कमरेचं माप. १४०/९० च्या वर गेलं की लाल पेनाने गोल. मला वाटतं शिबिरातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती वहीच, कारण बीपी वाढलेलं माणसाला आतून काहीच कळत नाही, पण पानावर १२६, १३४, १४२ असं एकाखाली एक दिसलं की गोळी टाळणाराही गप्प बसून ऐकतो.

मिठाचा हिशोब एका वहिनींनी मांडला होता तो तर मी अजून घरी करते. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम, मग किलोची पिशवी पन्नास दिवस तरी पुरायला हवी. आमच्याकडे किती पुरते, सगळ्या बायका बोटांवर मोजायला लागल्या, आणि वहिनी म्हणाल्या, थांबा, लोणचं पापड फरसाण यातलं मीठ अजून धरलंच नाहीये.

दुपारी पोरांचं सीपीआर, म्हणजे कुणाचं हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची ते शिकणं. रबरी पुतळा जमिनीवर, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, कोपर ताठ, निदान ५ सेंटीमीटर खाली दाबायचं, मिनिटाला १०० ते १२०. तो वेग कुणाला धरता येईना तेव्हा ताशावाला पोरगा पुढे आला, त्याने टिपरूने बाकावर ठेका धरला आणि अख्खी चाळ मोठ्याने आकडे मोजायला लागली. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन कुणी करायचा हेही आधीच ठरवायचं, नाहीतर सगळे नुसते बघत राहतात.

एका वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की बायकांना कधी छातीत न दुखता जबडा, पाठ दुखते, धाप लागते, मळमळतं, आणि शुगर असेल तर काही वेळा दुखतही नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी आमची आई म्हणाली दाढ दुखतेय, आणि तंबाखूची मिश्री घेऊन बसली. आईला शुगर. समोरच्या काकूंनी तिच्या कपाळावरचा घाम बघितला आणि म्हणाल्या, अगं शिबिरात काय ऐकलंस, ऊठ आधी, आणि मिश्रीची डबी तिथेच टाकून तिला टॅक्सीत घातलं. ईसीजीत अ‍ॅटॅक निघाला, स्टेंट पडला, आई घरी आली. ती डबी परत कधी उघडली नाही.

आता आम्ही डोंबिवलीला असतो, तरी त्या रविवारी पहाटेची लोकल पकडून आई आणि मी परळला जातोच. नानांचं वय झालंय, वही त्यांची सून लिहिते. आई स्वतःचं बीपी मोजून घेते आणि मग सुईला घाबरणाऱ्या बायकांचा हात धरून बसते, रक्त काढून होईपर्यंत एकेकीला विचारत राहते, दाढ दुखते का गं कधी, पाठ भरून येते का, जिना चढताना धाप लागते का, आणि कुणी हो म्हणालं की तिथूनच सुनेला हाक मारते, हिच्या पानावर लिही गं.