एकाच राउटरवर फोनला ५००, लॅपटॉपला ४५

राउटरच्या समोर, दोन मीटरवर ठेवलेल्या नव्या फोनला ५०० एमबीपीएस मिळतात आणि त्याच टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपला जेमतेम ४५. यात राउटरचा काहीच दोष नसतो. वाय-फायचा वेग ठरतो राउटर आणि उपकरण या जोडीवर, आणि जोडीत जो कमी पडेल त्याचंच चालतं. म्हणून नव्या राउटरवर पैसे घालण्याआधी घरातलं एकेक उपकरण तपासा.

सुरुवात लिंक स्पीडपासून, म्हणजे राउटर आणि उपकरण यांच्यात ठरलेल्या जोडणीच्या वेगापासून. विंडोजमध्ये तो वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतो, मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केल्यावर, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात. ७२ एमबीपीएस दिसलं तर उपकरण एका अँटेनाने २.४ गिगाहर्ट्झवर आहे. ४३३ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, एक अँटेना, वाय-फाय ५. दोन अँटेना असतील तर ८६६, आणि वाय-फाय ६ असेल तर १२०१. हाती यातलं अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच येतं. राउटरच्या खोक्यावरचं 'एएक्स ३०००' ही दोन्ही बँडची, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची, बेरीज आहे. ती कुठल्याच एका उपकरणाला मिळत नाही.

मग खरी मोजणी. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे कामाची नाही, कारण प्लॅन १०० चा असेल तर सगळे १०० लाच अडतात. एक लॅपटॉप केबलने राउटरच्या गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) पोर्टला जोडा, त्यावर आयपर्फ ३ हा घरातल्या नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम सर्व्हर म्हणून चालू करा आणि बाकीच्या उपकरणांवरून त्याच्या आयपी पत्त्यावर २० सेकंदांची चाचणी घ्या, दोन्ही दिशांनी, तीन-तीनदा. मधला आकडा धरा. जोडणीच होत नसेल तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये आयपर्फचा ५२०१ क्रमांकाचा पोर्ट उघडायचा राहिलाय.

सगळीकडे ९४ च्या आसपास येऊन थांबत असेल तर केबल बघा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जरी तुटली तरी लिंक १०० वर उतरते. कित्येक स्मार्ट टीव्हींचा लॅन (केबलचा) पोर्टच १०० चा असतो, त्यामुळे तिथे केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय जास्त वेग देतं.

आता भिंती. बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरांच्या जाड विटांच्या भिंतींत ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीतच निम्म्यावर येतो. त्यात राउटर कोनाड्यात ठेवला की तीन बाजू बंद. तो बाहेर, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून लांब ठेवा. २.४ पोहोचतो, पण खेटून घरं असल्यामुळे शेजाऱ्यांचीही गर्दी तिथेच असते. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६, ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. चाचणीपुरती दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, नाहीतर फोन गुपचूप बँड बदलतो आणि आकड्यांना अर्थ राहत नाही.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: ७२ वर चालणारं उपकरण मोठी फाइल उतरवत असेल, तर ते त्या बँडचा वेळ अडवून धरतं आणि बाकीचेही मंदावतात. जुनी उपकरणं २.४ वर, नवी ५ वर अशी वाटणी करा.

उत्तरायणाला पतंग उडवताना गच्चीवर वाय-फाय हवं असेल तर खालच्या राउटरकडून आशा धरू नका, स्लॅबमधल्या सळया सिग्नल खातात. जिन्याच्या दारापर्यंत कॅट ५ई केबल न्या आणि तिथे जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वाय-फाय पुरवण्यापुरता, लावा. तो मोड नसेल तर त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल वॅनऐवजी (इंटरनेटच्या पोर्टऐवजी) लॅन पोर्टमध्ये घाला.