कोठीच्या भिंतीवरचा हिशेब

कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतात इमारती उचलून दुसरीकडे नेणाऱ्या एका कंपनीत मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घरं, शाळा, चर्च, सगळं हलवतो आम्ही. पण बार्न, म्हणजे शेतावरचा मोठा लाकडी गोठा, म्हटलं की मला धास्ती वाटते. घराला खाली लाकडी तळ असतो, त्याखालून पोलादी तुळया सरकवता येतात. बार्नमध्ये खाली नुसती माती. गोठ्याच्या चार भिंती, वर गवताचा माळा, त्यावर भलंमोठं छप्पर, आणि भिंतींचे पाय शंभर वर्षांच्या शेणा-ओलीने कुजलेले.

हे बार्न पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, 30 बाय 40 फुटांचं. 1872 च्या कायद्याप्रमाणे कॅनडा सरकार 10 डॉलर फी घेऊन 160 एकर जमीन द्यायचं. तीन वर्षांत घर बांधून जमीन कसायची, ही अट. अशाच एका तुकड्यावर हे उभं राहिलं. (जमीन रिकामी नव्हती. इथल्या मूळ रहिवासी क्री लोकांशी 1876 मध्ये झालेल्या सहाव्या तहाचा हा मुलूख. बार्न पुढे ज्या संग्रहालयात गेलं, त्याच्या पाटीवर हे यायलाच हवं, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे.) शेत विकलं गेलं, नव्या मालकाला बार्न नको होतं, आणि जवळच्या गावातलं पायोनिअर, म्हणजे सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांचं, संग्रहालय ते घ्यायला तयार झालं.

संग्रहालयाच्या समितीतले काही जण म्हणत होते, सुटं करून नेऊ, स्वस्त पडेल. मी विरोध केला. सुटं केलेलं लाकूड पुन्हा जुळवताना निम्मं बदललं जातं. पुण्यातले वाडे पाडल्यावर त्यांचे कोरीव खांब हॉटेलांच्या दारात उभे केलेले मी पाहिले आहेत. खांब राहिले, वाडे गेले. अखेर अख्खं न्यायचं ठरलं.

नोव्हेंबरात जमीन गोठली की वजनदार गाड्या शेतात रुतत नाहीत, म्हणून तेव्हाचा मुहूर्त. कुजलेल्या भागाच्या वर, कमरेइतक्या उंचीवर, भिंतीच्या खांबांना आतून जाड फळ्या बोल्टने आवळायच्या आणि त्या फळ्यांखाली तुळया घ्यायच्या. मग भिंती वाकू नयेत म्हणून आतून तिरके आधार. एका कोपऱ्यात घोड्यांच्या ओट्सची कोठी होती. आमच्या मुकादमाने तिथला आधार थेट कोठीच्या फळ्यांवर ठोकायला काढला. मी जागा दाखवायला बॅटरी घेऊन आत शिरलो आणि त्याला थांबवलं.

फळ्यांवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. साल, आणि पुढे काड्या. गाडीभर ओट्स आले की एक काडी, चार उभ्यांवर पाचवी आडवी. 1928 ची ओळ फळीच्या टोकापर्यंत गेली होती. त्या वर्षी या प्रांतात विक्रमी पीक आलं होतं. 1937 समोर दोनच काड्या. त्या साली सस्कॅचेवनमध्ये गहू सरासरी एकरी तीन बुशेलसुद्धा झाला नव्हता. एक बुशेल गहू म्हणजे साधारण 27 किलो.

शेत ज्यांचं होतं त्या आजी गाडीत बसून होत्या. त्यांना हात धरून आत आणलं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "आजोबांचं अक्षर," त्या म्हणाल्या. "बाबा सांगायचे, त्या वर्षी जनावरांना रशियन थिसल घातलं होतं. ते काटेरी तण. दुसरं काही उगवलंच नाही."

मुकादम एवढंच म्हणाला, "मग खिळे कुठे मारू?"

उत्तर कोठीच्या बांधणीतच होतं. धान्याचा रेटा बाहेरच्या दिशेने असतो, म्हणून फळ्या खांबांच्या आतल्या अंगाने ठोकतात. रेट्याने त्या खांबांवर आणखी दाबल्या जातात. म्हणजे बोळाच्या बाजूने खांब उघडेच होते. आधार तिकडून खांबांना घेतले. आराखडा बदलला, दिवस गेला, पण एकाही फळीला खिळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडलेला होता. सगळ्या जॅकना एकाच यंत्रातून सारखं तेल जातं, त्यामुळे भार कमी-जास्त असला तरी सगळे बरोबरच चढतात. दाबाच्या काट्यावरून कोपऱ्याकोपऱ्याचं वजन कळतं. कोठीचा कोपरा माझ्या हिशेबापेक्षा जड भरला, पण सोसण्यासारखा. थोडं उचलायचं, खाली लाकडी ठोकळ्यांची चळत वाढवायची, पुन्हा उचलायचं. चाकं बसली. विजेच्या कंपनीची माणसं तारा सोडवत पुढे, आम्ही माणसाच्या चालीने मागे. संध्याकाळच्या आत बार्न संग्रहालयाच्या आवारात पोचलं.

आता ते काँक्रीटच्या नव्या पायावर आहे. भिंतींचे कुजलेले पाय कापून तिथे नवं लाकूड जोडलं, आणि ते नवं आहे हे दिसेल असंच ठेवलं. समितीत एकाने कोठी आतून धुऊन रंगवायची टूम काढली होती. ती आजींच्या एका पत्राने बारगळली. कोठीच्या तोंडाला काच लावायची की जाळी, यावर वाद अजून चालू आहे. मी जाळीच्या बाजूने आहे. काचेमागे ओल धरते आणि त्या ओलीत फळ्याच टिकणार नाहीत.